सुर्वे मास्तरांचं बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवायचं ठरलं की माणसं आधी हलक्या वस्तू बाहेर काढतात. सुपं, टोपल्या, कंदील, छत्र्या यांचा ओटीवर ढीग पडतो आणि जातं, पाटा, लाकडी कपाट, तांदळाचं पिंप आत जिथल्या तिथं राहतं. आम्हाला नेमकं उलटं हवं असे. म्हणून लॉरी दारात लागली की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "हे सगळं जरा बाजूला घ्या आणि आधी जातं दाखवा." घरच्या बायकांना वाटे, हा कोण खुळा पाठवलाय! आल्या आल्या दळायला बसतो की काय!

मी रत्नागिरीत लॉरीवर होतो ते दिवस एकोणीसशे तीसच्या मागचेपुढचे. मुंबईचं सामान तेव्हा बोटीनं जाई. घाटावरचं किंवा चिपळूण, संगमेश्वरकडचं मात्र बैलगाड्यांच्या हातून हळूहळू लॉरीकडे येऊ लागलं होतं. आमची लॉरी म्हणजे पुढं इंजिन, मध्ये लाकडी बाक टाकलेली ड्रायव्हरची बसायची जागा आणि मागं फळ्यांचा उघडा साटा. चालू करायला पुढून लोखंडी दांडा फिरवायचा. फिरवणाऱ्याचं मनगट सलामत राहिलं तर दिवस चांगला. ड्रायव्हर होते राजिवड्याचे इब्राहिमभाई. गाडी चालवणं त्यांचं, सामान लावणं माझं. एकमेकांच्या कामात तोंड घालायचं नाही, असा आमचा न बोलता झालेला करार होता. तो आम्ही दोघंही रोज मोडत असू.

माल भरणं वेगळं आणि सामान लावणं वेगळं, हे लोकांना पटत नाही. भाताच्या गोणी सगळ्या एकसारख्या, त्या कुणीही रचेल. घरच्या सामानात एक वस्तू दुसरीसारखी नसते. जड ते खाली आणि पुढं, ड्रायव्हरच्या पाठीला टेकून. डावीउजवीकडे वजन सारखं. कपाट उभं न्यायचं नाही, पाठीवर आडवं घालायचं आणि त्याचं दार दोरानं आवळायचं. आरसा नि तसबिरी मात्र कधी आडव्या घालायच्या नाहीत. त्या दोन गाद्यांच्या मध्ये उभ्या राहतात आणि उभ्याच पोचतात. हंड्यात घागर, घागरीत तांब्या, मधल्या फटीत पेंढा. लोणच्याच्या बरण्या भाताच्या तुसात. रॉकेलचा डबा धान्यापासून लांब, अगदी मागच्या फळीशी. आणि कुठंही पोकळी ठेवायची नाही. वस्तू फुटते ती धक्क्यानं नव्हे, तिला हलायला जागा मिळते म्हणून फुटते. वर ताडपत्री, ताडपत्रीवर काथ्याचा दोर. गाडी थोडी चालली की सामान दबतं आणि दोर ढिला पडतो. म्हणून हातखंब्याला थांबून तो पुन्हा आवळायचा. हे शेवटचं ज्याला कळलं नाही त्याच्या हाती मी कधी दोर दिला नाही.

एकदा एका पेन्शनीत निघालेल्या हेडक्लार्कसाहेबांनी कपाट कपड्यांसकट न्यायचा हट्ट धरला. किल्ली त्यांच्या जानव्याला आणि कपाटाला दोर लावला तर पॉलिश जाईल म्हणून दोरालाही बंदी. पालीच्या पुढं धक्क्यानं कुलूप निसटून ते दार उघडलं. मागून येणाऱ्या गाडीवानानं हाका मारमारून आम्हाला थांबवलं तेव्हा साहेबांची धोतरं, उपरणी आणि एक लाल फ्लॅनेलची बंडी करवंदीच्या जाळ्यांवर वाळत घातल्यासारखी पसरली होती. साहेब स्वतः उतरून ती वेचत मागं चालत गेले. हसू आलं तरी इब्राहिमभाईंनी मला हसू दिलं नाही. "घर सोडून चाललाय म्हातारा," म्हणाले. "आज त्येला हसू नको."

असे पुष्कळ किस्से आहेत. पण दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर पहिलं आठवलं ते सुर्वे मास्तरांचं बिऱ्हाड.

सुर्वे मास्तर मराठी शाळेत शिकवत. खालच्या आळीत भाड्याच्या घरात राहत. त्यांची चिपळुणाला बदली झाली. मास्तराच्या पगारात स्वतंत्र लॉरी परवडली नसती. पण चिपळुणाहून एका व्यापाऱ्याचा माल आणायला आमची लॉरी रिकामीच जायची होती, तेव्हा जाताना मास्तरांचं सामान न्यावं असं ठरलं. अट एकच. सामान झटपट उतरवायचं आणि दिवस मावळायच्या आत व्यापाऱ्याच्या वखारीशी हजर व्हायचं.

आदल्या दिवशी सामान बघायला मी आणि इब्राहिमभाई गेलो. मास्तर शाळेत होते. त्यांच्या पत्नी गोदाबाई घरात होत्या. तिशीच्या, ठेंगण्या, पदर खोचलेल्या. "या, बसा," म्हणाल्या आणि झपाझप आत गेल्या. आतून भांड्यांचे आवाज आले. मग दोन कप चहा घेऊन त्या बाहेर आल्या. माजघराचा उंबरठा त्यांनी असा ओलांडला की कपातला थेंब हलला नाही. एक कप मला दिला. दुसरा इब्राहिमभाईंना द्यायला त्यांनी हात पुढं केला तो माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे. भाई मघाशी तिथंच बसले होते. पण लॉरीजवळ जमलेली पोरं हाकलायला उठले आणि परत येऊन खांबाशी टेकले होते. कप हवेत तसाच राहिला.

"भाई, उठून गेलात वाटतं?" त्या हसून म्हणाल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, बाईंना दिसत नाही.

लग्नानंतर चार-पाच वर्षांनी मोठा ताप आला होता, त्यात डोळे गेले. मूलबाळ नव्हतं. हे सगळं त्यांनी स्वतःच सांगितलं, शेजारच्या कुणाबद्दल सांगावं तसं. "सुरुवातीला दोन वर्षं एका जाग्यावर बसून काढली हो. मग एक दिवस भात करपला नि शेजारीण वेळेवर आली नाय. तेव्हा उठले." नंतर त्यांनी मला घर दाखवलं. दाखवलं म्हणजे पुढं त्या, मागं मी. ओटीवरून माजघर, उजव्या हाताला स्वयंपाकघर, चुलीपासून हातभर मांडणी, मांडणीच्या खाली पाण्याचे हंडे, मागच्या दारानं पडवी आणि विहीर. एकेका वस्तूला जाता जाता त्यांची बोटं लागत, आपण ओळखीच्या माणसाला चालता चालता राम राम करतो तशी.

"शंकरभाऊ," त्या म्हणाल्या, "तिकडं सगळं असंच लावून द्याल? हे असं, याच जागी. मग मला कुणाचं काही लागणार नाय."

मी म्हटलं, "देईन बाई." लॉरीतून शेवटी चढलेलं आधी उतरतं. म्हणून स्वयंपाकघर शेवटी चढवायचं, मांडणी नि हंडे एकत्र ठेवायचे, म्हणजे त्याच क्रमानं तिथं उतरवता येतील, अशी मनाशी जुळणी करत मी परतलो. खरं सांगायचं तर स्वतःवर खूश होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉरी लावली तर अंगणात आधीच एक बैलगाडी उभी. बाईंचे थोरले भाऊ मिरजोळ्याहून आले होते. आम्ही सामान चढवू लागलो. जातं, पाटा, तांदळाचं पिंप, कपाट. बाई ओटीच्या पायरीवर बसून होत्या आणि मी प्रत्येक वस्तू त्यांच्या हाताखालून नेत होतो. मास्तर मात्र कुठं एका जागी ठरत नव्हते. भिंतीवरून तसबीर काढायचे, परत टांगायचे.

कपाटामागून मी एक पत्र्याची निळी पेटी उचलली. मास्तर जवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ही लॉरीत नको. ही गाडीत ठेव."

मी पेटी घेऊन बैलगाडीकडे वळलो. तिची कडी जरा वाजली.

"ती माझी पेटी ना?" बाईंनी विचारलं. "कुठं नेताय?"

  बाईंचे भाऊ पुढं होऊन म्हणाले, "गोदा, तू आमच्याकडं चल गो. मास्तर पुढं जाऊन घर लावतील. तुला नवीन जागी कशाला त्रास? दोन-चार महिन्यांनी बघू."

"दोन-चार महिन्यांनी काय बघू?"

भाऊ वळून बैलांचा कासरा आवळू लागले.

"दादा, तुला कुणी बोलावलं?"

भावानं मास्तरांकडे बघितलं. बाईंना ते दिसायचं कारण नव्हतं, पण त्यांना कळलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. नवऱ्यानं आणि भावानं मिळून ठरवलं होतं, आणि त्यांना विचारलं नव्हतं. त्या उठल्या. अंगणात उतरताना नेहमीची पायरी असूनही त्यांचा पाय अडखळला. त्या ओळखीच्या घरात त्यांना अडखळताना मी तेवढंच पाहिलं.

"शंकरभाऊ, पेटी लॉरीत ठेवा."

मी लॉरीकडे वळलो.

"थांब," मास्तर म्हणाले.

मी थांबलो. पेटी काही फार जड नव्हती, पण तिला घेऊन असं मधोमध उभं राहणं जितकं जड गेलं, तितकं आयुष्यात एखादं जातंही मला जड झालं नसेल. इब्राहिमभाई लॉरीच्या चाकाशी बसून उगाच नट तपासत होते.

"मी घर बघून आलोय," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज शाळेत शिकवतानाचा नव्हता. "जोतं उंच आहे, पायऱ्या सरळ रस्त्यावर उतरतात. आणि मागं विहीर आहे. तिला कठडा नाही. अगदी दाराशी आहे गोदे. मी दिवसभर शाळेत असणार. मला वर्गात बसून दुसरं काय सुचणार आहे?"

 बाई म्हणाल्या, "मग कठडा घाला. तुम्हाला विहिरीची भीती वाटते, तर विहीर बांधायची की मला पाठवायची?"

"कठड्याला दिवस लागतील."

"तोवर मी मागच्या दारी जायची नाय. तुम्ही सांगितलंत तर ऐकेन. पण आधी सांगायला हवं होतं. असं गाडी बोलावून नाय." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. "मिरजोळ्याला मला सगळे हाताला धरून चालवतील हो. प्रेमानंच धरतील. मग मी परत बसेन त्या एका जाग्यावर."

मास्तर माझ्याजवळ आले. पेटीची दुसरी कडी त्यांनी धरली आणि लॉरीच्या दिशेनं ओढली. आम्ही दोघांनी मिळून ती चढवली. भाऊ भला माणूस होता. त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं आणि विचारलं, "बैल दमवत आलो तो फुकटच म्हणायचा की काय?"

"फुकट कशाला? परड्यातले नारळ उतरवून ठेवलेत, ते घेऊन जा," बाई म्हणाल्या. "आणि वैनीला सांग, येईन गणपतीला. मास्तर सोडायला येतील."

लॉरीत मास्तर मध्ये बसले, बाई कडेला. मी मागच्या फळीपाशी, सामानाच्या आडोशाला. सामानावर चढून बसायचं नाही हा माझाच नियम असल्यामुळं मला पाळावा लागे. हातखंब्याला दोर आवळायला उतरलो तेव्हा पुढून आवाज ऐकू आला. इब्राहिमभाई एरवी दिवसभरात दहा शब्द बोलणारे. आज त्यांचं चाललं होतं, "आता वळण हाय बाई, डावीकडं. धरा. हां, आता सरळ. आता खड्डा येतो, मोठा हाय." बाईंना झोक सांभाळता यावा म्हणून ते रस्ता बोलून दाखवत होते. चिपळूण येईपर्यंत त्यांनी एक वळण सोडलं नाही.

निवळीच्या उतारावर समोर एकदम लाकडांनी भरलेली बैलगाडी आली. भाईंनी करकचून ब्रेक लावला. सगळं सामान पुढं झेपावायचा तोच क्षण. माझे हात आपोआप दोरावर गेले. लॉरी तिरकी होऊन दरडीकडे थांबली. धूळ बसली. ताडपत्रीखाली एक वाटीसुद्धा वाजली नव्हती. भाईंनी खाली उतरून मागं येऊन बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विडी पुढं केली. आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी मला कुणी दिली नाही.

चिपळुणात पेठेच्या मागं ते घर होतं. मी मोठ्या रुबाबात उतरलो, दार उघडून आत गेलो आणि जागीच उभा राहिलो. सगळं उलटं होतं. ओटीवरून माजघर होतं, पण स्वयंपाकघर डाव्या हाताला, आणि त्यात उतरायला एक पायरी. चूल कोपऱ्यात नव्हे, मधल्या भिंतीला. मांडणीला तिथं जागाच नव्हती. 'सगळं असंच लावून देईन' म्हणालेला मी, माझा तो क्रम नि ती जुळणी, सगळं दारातच संपलं.

बाहेर येऊन मी बाईंना सांगितलं. सांगताना शब्द जुळत नव्हते.  मास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं की ती निळी पेटी पुन्हा उचलून मिरजोळ्याला चालत पोचवावी असं मला वाटलं.

 "सामान उतरवू नका," बाई म्हणाल्या. "काहीच आत नेऊ नका. सगळे बाहेर थांबा. रिकामं घर मला आधी एकटीला बघू दे."

"दिवस मावळायच्या आत वखारीला पोचायचं हाय," मी हळूच इब्राहिमभाईंना म्हटलं.

"व्यापारी वरडेल," भाई म्हणाले. "वरडू दे." आणि त्यांनी इंजिन बंद केलं. आमच्या लॉरीचं इंजिन बंद करणं म्हणजे काय, हे दांडा फिरवणाऱ्यालाच माहीत.

मास्तर मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले, विहिरीकडे पाठ करून, दोन्ही हात चौकटीला लावून. बाई भिंतीला तळवा लावून निघाल्या. एका भिंतीशी थांबल्या, हात वर-खाली केला. "इथवर गिलावा खडबडीत आहे, वर गुळगुळीत. पुराचं पाणी इथवर येतं वाटतं?" खरंच होतं. डोळे असून आम्हाला ते दिसलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या पायरीवर त्या पडल्या. मास्तर धावले. "तिथंच थांबा," आतून आवाज आला. "एकदा पडले, आता पायरी कळली." मग त्या पायरी चढत राहिल्या, उतरत राहिल्या. चुलीशी गेल्या, दाराशी आल्या, पुन्हा गेल्या. कपाळाला एक खोक पडली होती, तिला पदर लावून चालत होत्या.

आम्हीही नुसते बसलो नव्हतो. मागच्या अंगणात पडलेले चार वासे विहिरीभोवती ठोकले आणि लॉरीतला काथ्याचा जाड दोर त्यांना गुंडाळून कमरेइतक्या उंचीचं कुंपण केलं. गाठी मी मारल्या, घाटात मारतो तशा. भाईंनी सगळं वजन टाकून एकेक ताणून बघितली. "परतीच्या मालाला काय बांधू?" मी विचारलं. "तुझं धोतर," ते म्हणाले. त्या कुंपणाला हात लावून मास्तर उभे होते. त्यांना आभार मानायचे होते बहुतेक, पण नुसतंच "घट्ट आहे" म्हणाले.

शेवटी बाई बाहेर आल्या. कपाळावर रक्त सुकलं होतं, चेहरा मात्र घामेजून उजळला होता. "आता आणा. आधी हंडे. चुलीच्या डाव्या अंगाला. मांडणी माजघरात राहू दे." मी क्रम विसरलो आणि त्या सांगतील ते आणत गेलो. त्यांनी नवीनच घर मांडलं. जुन्याशी त्याचा काही संबंध नव्हता. मला ते थोडं लागलं आणि पुष्कळ आवडलं.

चूल पेटली. आम्ही नको नको म्हणत होतो तरी त्यांनी कुळथाची पिठी नि भात केला. व्यापाऱ्यानं नंतर आम्हाला भरपूर ऐकवलं, तेही जेवणासारखंच मुकाट गिळलं.

आमच्या धंद्याची एक खंत आहे. घर मोडताना आम्ही बघतो आणि मांडताना बघतो. ते नांदताना कसं दिसतं, ते आमच्या वाट्याला येत नाही. सुर्वे मास्तरांच्या दारावरून पुढं लॉरी कितीदा गेली, पण कामाशिवाय कुणाच्या दारात थांबायची आम्हाला सवय नव्हती. कळलं ते एवढंच, की विहिरीला चिऱ्याचा कठडा झाला आणि मास्तर तिथूनच पेन्शनीत निघाले.

त्या दिवशी निघताना दोराचा उरलेला तुकडा विसरला म्हणून मी मागच्या अंगानं परत गेलो. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. मास्तर डोळे गच्च मिटून, दोन्ही हात पुढं करून माजघरातून येत होते. पुढं बाई होत्या, त्यांच्या पदराचं टोक मास्तरांच्या मुठीत.

"आता पायरी," बाई म्हणाल्या. "सांभाळून. डोळे उघडायचे नाय हां."

"नाही उघडत," मास्तर म्हणाले. "तू चल."